टिपणीसांचं काही ठरेना

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. बरं असतं, त्याला चुका काढता येत नाहीत. टिपणीस हयात आहेत. हे त्यांच्या हातात पडलं तर ते चष्मा पुसतील, पेन्सिल घेतील आणि आधी मोजमापं तपासतील. म्हणून आकडे मी जपून लिहितेय. बाकीचं माझ्या मनासारखं लिहिणार.

ठाण्याला, कोपरीत, तिसऱ्या मजल्यावर माझ्या समोरचं दार त्यांचं. लिफ्ट नाही. काटकुळी अंगकाठी, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला पेन्सिल आणि सहा इंची स्टीलची फूटपट्टी. एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी ती फूटपट्टी खिशातून निघाली नव्हती. तोंडली घेताना त्यांनी ती बाहेर काढलेली मी स्वतः बघितलीय. भाजीवाला म्हणाला, "काका, कापड घेताय की भाजी?" तर हे शांतपणे म्हणाले, "जाडी बघतोय. सारखी असली की सारखी शिजतात." आणि मागे आम्ही चार बायका ताटकळत उभ्या.

या माणसाला एकच छंद, लढाया खेळायचा. म्हणजे टेबलावर. बोटाच्या पेराएवढे कथलाचे सैनिक, गॅलरीत स्टोव्हवर स्वतः ओतलेले आणि एका केसाच्या ब्रशने रंगवलेले. पगडीचा पीळसुद्धा दिसायचा. लहानपणी दिवाळीचा किल्ला आपण सगळेच करतो. टिपणीसही करायचे, पण त्यांचं डोकं तेव्हापासूनच वाकडं. भाऊबीज झाली, किल्ला मोडला, की हे मोठ्या भावाला विचारायचे, "पण जिंकलं कोण?" मातीचे सैनिक नुसते उभे. कोणी हलत नाही, कोणी पडत नाही. हे त्यांना कधी पटलंच नाही.

आता लढाई खेळायची म्हणजे नियम हवेत. बुद्धिबळाचे नियम ठरलेले असतात, तसं इथे नाही. घोडेस्वार एका डावात किती बोटं पुढे जाणार, तोफेचा गोळा लागला की नाही हे फाशावर कसं ठरवायचं, माणसं घाबरून पळणार कधी, हे सगळं सांगणारी पुस्तकं ढिगाने मिळतात आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. त्यातलं एक निवडायचं आणि त्याप्रमाणे सैनिक प्लायवूडच्या छोट्या तुकड्यांवर चिकटवायचे. या तुकड्यांना टिपणीस 'पाट' म्हणायचे. एका पुस्तकात पाटावर चार माणसं, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात पाट लांबीला वेगळा आणि रुंदीला वेगळा. एकदा चिकटवलं की ते पुस्तक कायमचं तुमच्या गळ्यात. उचकटायला गेलं तर पाय मोडतात आणि रंग निघतो.

त्यामुळे टिपणीस चिकटवतच नव्हते. तीनशे माणसं तयार होऊन मिठाईच्या खोक्यांत कापसावर आडवी पडलेली. किती वर्षं? विचारलं तर म्हणायचे, "ठरतंय."

त्यांच्या घराबद्दल सांगायला हवं. हॉल आणि आतली एक खोली. हॉलमध्ये खिडकीला लागून खाट आणि खाटेवर कुमुद वहिनी. पाठीच्या मणक्याचं दुखणं. आठ वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून कंबरेखाली काही चालत नाही, उजवा हातही जवळजवळ गेलेला. जीभ मात्र अशी चालायची की ज्याचं नाव ते. सकाळी दोन तास एक मावशी यायच्या, रविवार सोडून. तेवढ्या दोन तासांत टिपणीस भाजी, औषधं, बँक करून धापा टाकत परत. स्टेशनच्या पलीकडे टेंभी नाका, चालत गेलं तर किती वेळ लागतो? पण नवरात्रातला तिथला झगमगाट त्यांनी आठ वर्षांत बघितला नव्हता. मी एकदा म्हटलं, "मी बसते वहिनींपाशी, तुम्ही जाऊन या." तर म्हणाले, "मधेच तिला कुशीवर करावं लागलं तर तुम्हाला नाही जमणार, बाई." मी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून त्यांची मी 'बाई'. खरं सांगायचं तर मला ते जमलंही नसतं.

आणि खेळायची फळी टाकली की त्या हॉलमधून बाहेर पडायचीही सोय नसे. सहा फूट बाय चार फुटाची फळी. एक कड खाटेच्या उशाला, दुसरी पार दरवाजापर्यंत. दार वीतभर उघडायचं, त्याच्या पुढे नाही. आत असेल तो आत. मी किती रविवार त्या कोपऱ्यात अडकून काढलेत त्याची मोजदाद नाही.

मी यात पडले कशी, ते ऐका. एका संध्याकाळी दार वाजलं. टिपणीस. "बाई, दहा मिनिटं आहेत का?" मला वाटलं वहिनींना काही झालं. कणकेने भरलेल्या हातानिशी धावले. तर ह्यांनी एक स्पायरल केलेलं पुस्तक पुढे केलं.

"हे बघा. तुकडीतली निम्मी माणसं पडली की दर डावाला फासा टाकायचा. एक पडला की उरलेली पळून जातात. चार डावांत पळायची शक्यता किती?"

मी वैतागले होते, पण गणित दिसलं की मला राहवत नाही. त्यांच्याच फळीवर कणकेच्या बोटाने मांडलं. "निम्म्याहून थोडी जास्त."

"निम्म्याहून जास्त? आणि कारण काय पळायचं?"

"फाशावर एक पडला हे कारण."

"ते कारण नाही हो, बाई. माणूस पळतो त्याला काहीतरी कारण लागतं."

खाटेवरून वहिनी म्हणाल्या, "आणि राहणाऱ्याला लागत नाही वाटतं."

टिपणीसांनी पुस्तक मिटलं. त्या नियमावलीचं नाव त्यांनी 'भित्री' ठेवलं आणि ती बाद झाली. अशी सगळ्या पुस्तकांना त्यांची नावं होती. 'जाडी' म्हणजे दोनशे पानांची. 'वकील' म्हणजे जिच्यात प्रत्येक नियमाला पोटनियम आणि पोटनियमाला अपवाद. 'हवामान' म्हणजे पाऊस पडला तर तोफांची दारू किती ओली होते याचा तक्ता देणारी. ही शेवटची त्यांना पसंत पडत आलेली. पण तिच्यात पायदळाचा चालायचा वेग दिलेला, तो त्यांना जास्त वाटला. मग या माणसाने काय करावं? मावशी आल्यावर पंधरा किलो तांदळाची गोणी पाठीला बांधली आणि गच्चीवर घड्याळ लावून फेऱ्या मारल्या. भर मे महिन्यात, सकाळी अकराला. सोसायटीचे सेक्रेटरी वर आले आणि म्हणाले, "टिपणीस, तुमच्या घरी एक आजारी माणूस आहे ते पुरे नाही का?" टिपणीस घामाने निथळत म्हणाले, "दर शंभर पावलांना सव्वा मिनिट. पुस्तक चूक आहे." 'हवामान'ही बाद.

समोर खेळणारा एकच, दामोदर पाटील. शहाडचे, आगरी. पूर्वी टिपणीसांच्याच कारखान्यात टूलरूमला होते. जेवणाच्या सुट्टीत दोघं ड्रॉइंग बोर्डावर नटबोल्ट मांडून लढायचे, तिथली ही दोस्ती. पुढे जमिनीवर बिल्डिंगा उभ्या राहिल्या आणि पाटलांकडे गळ्यात जाड साखळी आणि दारात गाडी आली. तरी दर रविवारी हा माणूस तीन मजले चढून यायचा, हातात ओल्या बोंबलांचा नाहीतर वालाच्या शेंगांचा डबा घेऊन. बोलणं कारखान्यातलं, पण रंगात आला की घरची बोली.

त्यांनी ठरवलेली लढाई म्हणजे वसईचा वेढा. किल्ल्यात फिरंगी, बाहेर मराठे. मराठे टिपणीसांचे, फिरंगी पाटलांचे. मी एकदा टोचलं, "पाटील, तुम्ही आणि फिरंगी?" तर म्हणाले, "आमची मानसा तवा मिठागरान व्हती, बाई. मीठ दोघांनीबी नेला. मना काय फरक?" आणि मग जरा थांबून, "खऱ्या लढाईत किल्ला पडला. मना यकदा तो टिकवून बगायचा हाय. टिकला असता का, येवडाच बगायचा हाय."

एवढंच होतं पाटलांचं मागणं. पण नियम ठरल्याशिवाय लढाई नाही आणि टिपणीसांचं काही ठरेना. पाटलांनी स्वतः एक पुस्तक आणलेलं, बारा पानांचं. पाटावर चार माणसं. एक फासा. पाच-सहा पडले की समोरचा एक पाट उचलायचा, एक पडला की आपला उचलायचा, मधलं काही पडलं तर सगळे जिथल्या तिथे. टिपणीसांनी ते दोन मिनिटांत वाचून परत केलं. "हा पोरखेळ आहे, दामू." झालं, त्याचं नाव 'पोरखेळ' पडलं. पाटील हसले आणि बोंबलांचा डबा उघडला. असे रविवार मागून रविवार गेले. दोघं वाद घालायचे, मी आकडेमोड करायचे, वहिनी छताकडे बघत शेरे मारायच्या. लढाई नाही ती नाहीच.

मग एका रविवारी पाटील जिना चढून आले आणि त्यांनी चप्पल काढायला पायाने उंबरठा चाचपला. माझ्या लक्षात आलं. टिपणीसांच्याही आलं असणार. बसल्यावर पाटीलच म्हणाले, "शुगरनी डोल्यांचा पडदा खाल्ला. डॉक्टर सुया मारतंय, पन भरवसा नाय बोल्ला. बगायचा ता बगून घे बोल्ला."

"किती दिवस?" टिपणीसांनी विचारलं.

"दिवस नाय सांगत. महिने बोल्ला. थोडे."

मग पाटील फळीकडे बघत म्हणाले, "टिपणीस, माझा किल्ला मना डोल्यांनी बगायचा हाय. मग पडू दे नायतर उभा राहू दे."

पुढल्या रविवारी टिपणीसांनी काय करावं? नवीन पुस्तक. एकशे चाळीस पानं, ताजी ताजी झेरॉक्स. म्हणाले, "दामू, ह्यात वेढ्याचा वेगळा भाग आहे. महिनाभर दे, मी नीट वाचतो." पाटील "बरा" म्हणाले आणि लवकर निघून गेले. शेंगांचा डबा तसाच बंद राहिला.

माझं डोकंच फिरलं. फळी उभी करून ठेवत होते ते, तिची दुसरी कड मी हातात धरली आणि म्हटलं, "भाऊ, महिना? त्या माणसाकडे महिने मोजून आहेत. आहेत त्यातलं एक उचला आणि चिकटवा ना. चुकलं तर चुकलं. काय आकाश कोसळणार आहे?"

फळी भिंतीला टेकवून ते स्टुलावर बसले. खिशातली फूटपट्टी काढून हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "हिच्या वेळेला डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, ऑपरेशन करू शकतो, नाहीतर आहे तसं राहू देऊ, दोन्हीत धोका आहे. दहा मिनिटांत सांगा. मी सात मिनिटांत सांगितलं, बाई. करा म्हटलं."

मी खाटेकडे बघितलं. वहिनी जाग्या होत्या.

"मी ऐकतेय हां," त्या म्हणाल्या. "मला विचारलं असतं तर मीपण करा म्हटलं असतं. पण विचारलंत कुठे?"

आठ वर्षं हे दोघं त्या एका खोलीत राहिले आणि हे वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा बोललं गेलं, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. टिपणीसांनी उठून वहिनींना पाणी दिलं. मला घरी जायचं होतं, पण त्या दोघांच्या मधून दारापर्यंत कसं जायचं तेच कळेना. फार कोंडल्यासारखं झालं मला. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "जा गं तू. भात लावायचा असेल."

त्यानंतर दोन रविवार पाटील आलेच नाहीत. तिसऱ्या रविवारी आले ते सुनेचा हात धरून. काखेत मोठा खोका. सून खाली गाडीत जाऊन बसली. पाटलांनी खोका फळीवर ठेवला आणि दोरी सोडली. आत त्यांचे सगळे फिरंगी, दोनशेच्या आसपास, पाटांवर चिकटवलेले. पाटावर चार. म्हणजे 'पोरखेळ'.

"तू ठरवत नाय, मग मीच ठरवला," पाटील म्हणाले. "पंधरा दिवस लागलं. कोनाला हात लावू दिला नाय."

मी वाकून बघितलं. पाट सरळ कापलेले होते, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. टूलरूमचा हात तो. पण चिकटवताना डोळ्यांनी दगा दिलेला. प्रत्येक दोनतीन पाटांमागे एखादा सैनिक पाठमोरा. बाकीचे बंदुका रोखून पुढे बघतायत आणि हा आपला मागे तोंड करून उभा. मी टिपणीसांकडे बघितलं. केसाएवढी चूक न सोसणारा माणूस. एकेक पाट उचलून खिडकीच्या उजेडात धरत होता.

"कसा झालाय?" पाटलांनी विचारलं.

बरे झालेत म्हणा, असं मी मनात शंभरदा म्हटलं.

"पाट एक नंबर कापलेयस," टिपणीस म्हणाले. "अठरा माणसं उलटी लागलीयत, दामू."

पाटलांनी एक पाट हातात घेऊन अंगठ्याने चाचपला. मग म्हणाले, "राहू दे. मागून कोन येतंय ता बगतील."

खाटेवर वहिनी खुदकन हसल्या. टिपणीस म्हणाले, "राहू दे."

त्या आठवड्यात टिपणीसांनी मला तीनदा बोलावलं. काम काय, तर परीक्षा. ते डोळ्यांवर पंचा बांधून खुर्चीत बसायचे. मी एकेका पुस्तकाप्रमाणे मोहरे हलवायचे आणि तोंडी सांगायचे, आणि कोण कुठे आहे ते त्यांनी न बघता डोक्यात धरायचं. 'जाडी' दुसऱ्या डावाला कोसळली. 'वकील'मध्ये तर पहिल्याच डावात त्यांनी स्वतःच्याच तोफेसमोर स्वतःचे घोडेस्वार नेले. ते नवं एकशे चाळीस पानी पुस्तक त्यांनी अर्ध्यात सोडलं. शेवटी 'पोरखेळ'. अकरा डाव झाले तरी एक चूक नाही. त्यांनी पंचा सोडला. डोळे लाल झालेले.

"बाई, हे तोंडी सांगता येतं," ते म्हणाले. "सगळं माणसाच्या डोक्यात मावतं."

"मग?"

"मग हेच."

एवढ्या वर्षांचा प्रश्न असा सुटला. चार दिवसांत त्यांनी आपले तीनशे मराठे चिकटवले. घरभर गोंदाचा वास. वहिनींच्या उशापाशीसुद्धा पाट वाळत ठेवलेले. त्यांना विचारून ठेवलेले, हे वहिनींनीच मला सांगितलं. "इथे ठेवू का, म्हणून विचारलंन हो," त्या म्हणाल्या. त्यांना त्याचं फार अप्रूप वाटलेलं दिसलं.

लढाई झाली ती रविवारी सकाळी दहाला. पुठ्ठ्याची तटबंदी, निळ्या कापडाची खाडी. पाटलांनी आधी टॉर्च घेतला आणि नाक फळीला लागेल इतकं वाकून सगळा किल्ला बुरुजाबुरुजाने बघितला. पंचवीस मिनिटं. कोणी घाई केली नाही. मधेच म्हणाले, "पगडीचा रंग बदललास व्हय?" टिपणीस म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी." पाटील म्हणाले, "आता दिसला."

मी पंच. फासा पडला की आकडा वाचायचा माझा मान, कारण पाटलांना ठिपके दिसत नव्हते. खेळ चांगला रंगला. पण बारा वाजेपर्यंत पाटलांचा दर्याकडचा बुरुज गेला, मग तोफा गेल्या. त्यांचा चेहरा उतरत चाललेला मला बघवेना. त्यांनी फासा टाकला. चार. म्हणजे काही नाही. मी म्हटलं, "पाच."

टिपणीसांनी मान वर केली. "चार आहेत, बाई."

असं तोंड लपवावंसं मला आयुष्यात कधी वाटलं नाही. आणि लपवणार कुठे, दारासमोर फळी. पाटील माझ्या दिशेने वळले आणि हळूच म्हणाले, "शालेन पोरांना असंच मार्क देता का, बाई?" रागावले नव्हते, पण त्यानंतर दर वेळेला, मी आकडा वाचला की ते टिपणीसांच्या बाजूला कान करायचे. टिपणीस "बरोबर" म्हणायचे, तेव्हा कुठे डाव पुढे.

एक वाजता वहिनींना कुशीवर करायची वेळ झाली आणि लढाई अर्ध्यात थांबली. फळी आहे तशी ठेवायची, पुढल्या रविवारी पुरी करायची असं ठरलं. तो पुढला रविवार आलाच नाही. त्या आठवड्यात पाटलांची उरलेली नजर गेली. मुलगा म्हणाला, जिने नकोत, प्रवास नको, पडले तर केवढ्याला पडेल. पाटील शहाडला घरात, टिपणीस कोपरीत घरात, आणि मधे अर्धवट किल्ला. टिपणीस रोज त्यावरची धूळ ब्रशने झटकायचे. एक पाट तसूभर हलू दिला नाही. दार वीतभरच उघडायचं, त्यामुळे मावशींना रोज अंग चोरून आत यावं लागायचं. मावशी कुरकुरायच्या. मीसुद्धा एकदा म्हटलं, "भाऊ, आवरा आता." त्यांनी ब्रश घेऊन तटबंदी झटकली.

पुढे मी रिटायर झाले आणि डोंबिवलीला मुलीच्या जवळ राहायला गेले. फोन करायचे, पण तुम्हाला माहितीय फोनचं कसं असतं. चार महिन्यांनी सोसायटीच्या कागदावर सही करायला म्हणून कोपरीला गेलेले. रविवार होता, अकरा वाजलेले. म्हटलं भेटून जावं. दार वीतभर उघडंच होतं. बेल वाजवणार तोवर आतून आवाज आला.

"दर्याकडून तिसरा पाट, भिंतीला लावून. तिथून दरवाजा राखायला," पाटलांचा आवाज. मोबाईल खाटेच्या कडेला, वहिनींच्या उशाशी ठेवलेला. स्पीकर चालू.

"ठेवला," टिपणीस म्हणाले.

"टाक माझा."

टिपणीसांनी पाटलांसाठी फासा टाकला. तो फळीवरून घरंगळला आणि खाटेखाली गेला. टिपणीस गुडघ्यांवर बसले, मग पार ओणवे झाले, टॉर्च घेऊन. बऱ्याच वेळाने त्यांना तो दिसला. त्यांनी त्याला हात लावला नाही, तसंच वाकून बघितलं. वहिनींना खाटेवरून दिसणं शक्य नव्हतं. मी दारात आहे हे त्यांना माहीत नव्हतं. पाटील शहाडला. त्या क्षणी हा माणूस कुठलाही आकडा सांगू शकला असता. सहा सांग रे बाबा, असं मी मनात म्हणत होते. शाळेत इतकी वर्षं गणित शिकवून मी हे म्हणत होते.

"एक, दामू," टिपणीस म्हणाले.



"एक?"

"एक."

"दरवाजा गेला मग माझा."

"गेला."

मग पाटलांनी विचारलं, "किती पाट उरलंत?"

टिपणीसांनी खाटेखालून डोकं बाहेर काढलं आणि मान उंचावून फळीकडे बघितलं. "दोन."

"मग टाक," पाटील म्हणाले.

टिपणीसांनी फासा मुठीत घेतला आणि उठायला खाटेची कड धरली. उठता येईना. वहिनींनी डावा हात खाली सोडून त्यांचं मनगट पकडलं आणि ओढलं. ते उठले आणि त्यांनी फासा टाकला.